कोंब थांबतो, खैऱ्या थांबत नाही

नाशिक जिल्ह्यात, लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. उद्देश होता साठवलेल्या कांद्याला कोंब फुटू न देण्याचा. २००७ पासून तिथूनच किरणे दिलेला आंबा अमेरिकेला जाऊ लागला. मग लिंबू-मोसंबीवरचा खैऱ्या, म्हणजे कँकर, तिथल्याच कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी का मारू नये?

अडचण मात्रेची आहे. एक किलो मालात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे. कांद्याला ६० ते ९० ग्रे पुरतात. आंब्याला किमान ४०० ग्रे देतात. एवढ्याने कोयीतला भुंगा लगेच मरत नाही, पण त्याची वीण थांबते आणि आयातदार देशाचे तेवढ्यावर भागते. फळ मात्र किरणोत्सर्गी होत नाही.

खैऱ्या पसरवणारा झँथोमोनास हा जिवाणू. एका पेशीच्या या जिवाचा डीएनए आखूड, त्यामुळे किरणांच्या माऱ्यात सापडण्याची शक्यता कमी. शिवाय थोडीफार मोडतोड तो स्वतःच दुरुस्त करतो. अशा जिवाणूंपैकी ९० टक्के मारायला साधारण काहीशे ग्रे लागतात. दहा लाखांतला एकच उरावा, असे म्हटले की मात्रा सहापट होते. त्याआधीच मोसंबीची साल हार मानते. हजार ग्रेच्या आसपास तिच्यावर खड्डे आणि तपकिरी डाग दिसू लागतात. वाळलेल्या मसाल्यांना दहा हजार ग्रे सोसतात, ताज्या फळाला नाही.

खैऱ्याने त्रस्त झालेल्या फ्लोरिडात लाखो झाडे तोडूनही रोग हटला नाही. २००६ साली ती मोहीम थांबली. आता तिथली फळे सोडियम हायपोक्लोराइटच्या २०० पीपीएम द्रावणाने दोन मिनिटे ओली ठेवणे, हा निर्जंतुकीकरणाचा एक मान्य मार्ग आहे. त्याने सालीवरचे जिवाणू मरतात, खैऱ्याच्या चट्ट्याच्या आतले नाहीत.

म्हणून खैऱ्याशी खरी लढाई बागेतच. वाऱ्यासोबतचा पाऊस त्याला झाडावरून झाडावर नेतो आणि नागअळीने पोखरलेले पान त्याला आयती वाट देते. पावसाळ्याआधी रोगट फांद्या छाटून जाळाव्यात, ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारावे, नागअळी आवरावी आणि बांधावर वारा अडवणारी झाडे लावावीत. कागदी लिंबाला धोका सर्वाधिक, मोसंबीला त्याहून कमी, संत्र्याला सर्वांत कमी. नवी बाग लावताना रोपवाटिकेतले प्रत्येक रोप उलटसुलट करून पाहावे. चट्टा दिसला तर ते घेऊच नये.