नकाशात न दिसणारा चढ

इंग्लंडच्या मध्यभागी पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील सर्वांत उंच पठार म्हणजे किंडर स्काउट. त्याची उंची अवघी ६३६ मीटर. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे, म्हणजे किंडर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तेथे हिमनद्या नाहीत की विरळ हवा नाही. तरीही या भागात पायी हिंडताना माणसे थंडीने दगावली आहेत. मार्च १९६४ मध्ये तेथील चालण्याच्या एका स्पर्धेत पाऊस आणि वाऱ्यात सापडून तीन तरुण मृत्युमुखी पडले. ते तर गटाने चालत होते. मग हा प्रदेश एकट्याने ओलांडणाऱ्याने किती सावध असावे! इतक्या ठेंगण्या डोंगरात एवढा धोका येतो कोठून? याचे उत्तर आपल्या शालेय पदार्थविज्ञानातच सापडते.

पाऊल रुतते तेव्हा

किंडरचा माथा हे 'मूर' आहे. म्हणजे झाडे नसलेले, वाऱ्याला उघडे असे ओले माळरान. स्फॅग्नम नावाचे शेवाळ पाणी धरून ठेवते. पाण्याखाली हवा न मिळाल्याने मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. हजारो वर्षे त्यांचे थर साचून काळी, स्पंजासारखी 'पीट' माती तयार होते. पाण्याने तिच्यात माणसाच्या उंचीहूनही खोल घळी पाडल्या आहेत. रुळलेल्या वाटेवर आता बऱ्याच ठिकाणी दगडी फरश्या टाकल्या आहेत. पण वाट सोडली की पाऊल रुतते.

डोंगरात किती वेळ लागेल याचा एक नियम विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितला. सध्याच्या मापांत तो ढोबळमानाने असा : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, तुम्हांला २० किलोमीटर चालायचे आहे आणि वाटेत एकूण ९०० मीटर चढ आहे. तर चालण्याचे ४ तास आणि चढाचे दीड तास मिळून साडेपाच तास झाले.

आता पीटचा हिशेब करू. कठीण जमिनीवर पाय टेकला की जमीन हलत नाही. पीटमध्ये मात्र समजा पाय १० सेंटीमीटर खाली जातो. पुढचे पाऊल टाकताना शरीर तेवढेच वर उचलावे लागते. ९,००० पावलांत हे उचलणे ९,००० × ०.१ म्हणजे ९०० मीटर होते! ७० सेंटीमीटरच्या पावलाने हे अंतर सव्वासहा किलोमीटरच भरते. नकाशावर सपाट दिसणाऱ्या जागी तुम्ही आणखी ९०० मीटर चढलात. वेळ सात तासांवर गेला. आणि डिसेंबरमध्ये तेथे दिवस असतो जेमतेम साडेसात तासांचा.

ओले कपडे आणि वारा

पाठपिशवीसह तुमचे वस्तुमान ८० किलोग्रॅम धरू. ९०० मीटर चढण्याचे कार्य ८० × ९.८ × ९००, म्हणजे सुमारे ७ लाख ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता फार तर एक चतुर्थांश. म्हणून शरीर २८ लाख ज्यूल खर्च करते आणि त्यांपैकी २१ लाख उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. चढताना आपण तापतो ते यामुळेच.

उलट बाजूही पाहा. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २५ लाख ज्यूल लागतात. पावसात भिजलेल्या कपड्यांत एवढे पाणी सहज मावते. ते वाळताना लागणारी उष्णता काही अंशी हवेतून येत असली, तरी बराच भाग शरीरच पुरवते. शिवाय कपडे ऊब देतात ते धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी शिरले, की उष्णता वीसपटींहून अधिक सहजतेने वाहते. त्यात वारा अंगाजवळचा उबदार हवेचा थर सतत उडवून लावतो. म्हणून पारा शून्याच्या वर असतानाही शरीर निवत जाते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९६४ च्या दुर्घटनेनंतर नेमका याचाच अभ्यास केला.

खरी मेख पुढे आहे. चालत असेतोवर उष्णता निर्माण होत राहते. दमून वेग मंदावला की निर्मिती घटते, ऱ्हास मात्र तेवढाच राहतो. शरीर निवते, स्नायू आखडतात, वेग आणखी मंदावतो. पीट माणसाला लवकर दमवते आणि वारा-पाऊस त्याचा फायदा घेतात.

एकट्याची अडचण

शरीराचे अंतर्गत तापमान ३७ अंशांवरून ३५ अंशांखाली गेले, की त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. हुडहुडी भरते, बोटे चालत नाहीत, बोलणे अडखळते आणि विचारही गोंधळतो. सोबत्याला हे बदल दिसतात. एकट्या माणसाचे मोजमापाचे साधन म्हणजे त्याचा मेंदू, आणि बिघडते नेमके तेच! म्हणून एकट्याने निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावेत. कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार हे कोणालातरी सांगून ठेवावे. किती वाजता मागे वळायचे ते कागदावर लिहावे. कोरडे लोकरी कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावेत. होकायंत्र, विजेरी आणि शिटी जवळ असावी. ब्रिटनमध्ये मिनिटाला सहा शिट्या, मग मिनिटभर शांतता, हा मदतीचा संकेत आहे.

करून पाहा

सारख्या आकाराचे तीन डबे घ्या. प्रत्येकात ६० अंश सेल्सिअसचे सारखेच पाणी भरा. तिन्हींभोवती सारखेच लोकरी कापड गुंडाळा. पैकी दोन कापडे साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. कोरड्या कापडाचा डबा आणि ओल्या कापडाचा एक डबा पंख्यासमोर ठेवा, ओल्या कापडाचा दुसरा डबा पंख्यापासून दूर. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून एकाच कागदावर तीन आलेख काढा. सर्वांत भरभर कोणता उतरतो? ओलीचा परिणाम मोठा की वाऱ्याचा? सह्याद्रीत पावसाळी सहलीस निघण्यापूर्वी हा आलेख वर्गात लावून ठेवा.