मॅट्रिक्स: चाहते नेमके कशावर भांडतात?

तर मंडळी, आज ‘द मॅट्रिक्स’च्या चाहत्यांचं भांडण समजून घेऊ. स्पॉयलर आहेत बरं का!

पहिला सिनेमा १९९९चा. त्यातली खोट ठळक आहे: यंत्रं माणसांना बॅटरीसारखं वापरतात. पण माणूस जेवढी ऊर्जा खातो, त्याहून जास्त देऊच शकत नाही. म्हणजे धंदा तोट्याचा! तरी चाहते हे चालवून घेतात, कारण सिनेमा म्हणतो, निओ, तूच तो तारणहार.

खरा वाद २००३च्या ‘रीलोडेड’वरून. त्यात आर्किटेक्ट सांगतो, निओ सहावा आहे. तारणहाराची भविष्यवाणीसुद्धा सिस्टिमचाच भाग. बंडखोर वाढले की ‘निवडलेला’ येतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एक गट म्हणतो, लांबलचक भाषणाने मजा घालवली. दुसरा म्हणतो, मालिकेची खरी उंची इथेच आहे.

मला दुसरा गट पटतो. आमच्या भाषेत, निओ हा बग नाही, ठरवून केलेला रीस्टार्ट आहे. तरी तो ट्रिनिटीकडे नेणारं दार निवडतो आणि ठरलेलं मोडतो. भाषण जड आहे, मान्य. पण ‘तू खास आहेस’ असं कुणी म्हटलं, की ‘कोण म्हणतंय आणि कशासाठी?’ हे विचारायला तोच सीन शिकवतो.

तुम्ही कोणत्या गटात?