बंदरपट्टी आणि पाणीपट्टी



हंगाम आटोपल्यावर आम्ही दापोलीजवळच्या बुरोंडीला गेलो. किनाऱ्यावरच्या होड्या पाहून आपल्या चाऱ्या आठवल्या. दोन्हीकडच्या पाण्याला कायदा लावला इंग्रज सरकारनंच. १८५५ च्या कायद्याने सरकारने ठरविलेल्या बंदरांत जहाजांवर बंदरपट्टी बसली; १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने पाटाचे पाणी अर्जाला बांधले.

त्यात एक कलम कडक होते. पाणीचोर सापडला नाही, तर ज्याच्या रानाला फायदा झाला तो जबाबदार. तोही कळला नाही, तर त्या चारीवरचे सगळेच!

१९७६ च्या महाराष्ट्र कायद्याने तो जुना कायदा गेला, अर्ज मात्र राहिला. रात्री एकाने दार उचलले की शेपटाकडच्याचा ऊस वाळतो. म्हणून अर्ज वेळेवर भरा, पाळी सोडू नका.