नोंदणी क्रमांक म्हणजे मान्यता नव्हे
औषधे आणि चाचण्यांच्या ऑनलाइन माहितीबद्दलचे गैरसमज

डॉक्टरांची चिठ्ठी हातात पडली की औषधाच्या दुकानात पोहोचण्याआधीच आपण मोबाइलवर गोळीचे नाव टाकतो. त्यात गैर काही नाही. आपल्या पोटात काय जाणार आहे हे जाणून घ्यायलाच हवे. मात्र समोर आलेल्या दहा पानांपैकी कोणते औषधाची नोंद करते, कोणते त्याला परवानगी देते आणि कोणते नुसते विकते, हे ओळखता आले नाही तर माहितीच अंगाशी येते. नेहमी आढळणारे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : शोधात सर्वांत वर आले, म्हणजे खात्रीचे.

वस्तुस्थिती : वरच्या जागा अनेकदा पैसे मोजून मिळवलेल्या असतात. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे सांगणाऱ्या जाहिराती तर बेकायदाच आहेत. 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास बंदी घातली आहे. तरीही त्या दिसतात, म्हणून पान उघडल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि लिहिणाराच ते औषध विकतो का. औषधाच्या खोक्यातले माहितीपत्रक, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे ‘मेडलाइनप्लस’ आणि भारतातील मंजुरीसाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे संकेतस्थळ, ही सुरुवात करण्याजोगी ठिकाणे आहेत. किमतीची शंका असेल तर केंद्र सरकारच्या ‘फार्मा सही दाम’वर त्याच घटकाच्या इतर कंपन्यांच्या गोळ्यांचे दरही दिसतात.

गैरसमज २ : चाचणीला सरकारी नोंदणी क्रमांक आहे, म्हणजे औषध सरकारमान्य.

वस्तुस्थिती : हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. भारतातील चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ म्हणजे सीटीआरआयमध्ये होते. ही नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली, 2009 पासून नोंद सक्तीची झाली आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण चाचणीत घेण्याआधीच नोंद करावी लागते. हेतू असा की, काय मोजणार हे संशोधकाने आधीच जाहीर करावे आणि निकाल मनासारखा न आल्यास चाचणी गुपचूप गाडून टाकता येऊ नये. औषध गुणकारी आहे की नाही याचा निवाडा ही नोंदवही करत नाही.

जून 2020 मध्ये ‘कोरोनिल’ हे औषध बाजारात आणताना कोविड बरा करण्याचा दावा झाला. त्याच्या चाचणीची सीटीआरआयमध्ये नोंद होती. तरीही आयुष मंत्रालयाने दाव्याची तपासणी होईपर्यंत जाहिरात थांबवण्यास सांगितले. अमेरिकेतले उदाहरण याहून गंभीर आहे. फ्लोरिडातील एका क्लिनिकमध्ये प्रत्येकी 5,000 डॉलर भरून डोळ्यांत मूळपेशींची इंजेक्शने घेतलेल्या तीन वृद्ध महिलांची दृष्टी गेल्याचे 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या क्लिनिकच्या अभ्यासाची नोंद ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर होती.

गैरसमज ३ : ‘संशोधनाला यश’ अशी बातमी आली, म्हणजे औषध आलेच.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील संशोधनाची बातमी घरोघरच्या ग्रुपवर फिरली: कर्करोग पुन्हा होऊ न देणारी शंभर रुपयांची गोळी. रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांच्या मिश्रणावरचे ते संशोधन खरेच होते. पण आजार पुन्हा होण्यास प्रतिबंध करण्याचा परिणाम केवळ उंदरांवर तपासला होता, आणि माणसांवरील चाचण्यांना सुमारे पाच वर्षे लागतील, हे संशोधकांनीच त्या वेळी सांगितले होते. फॉरवर्डमध्ये तेवढेच वाक्य गळाले.

माणसांवरील चाचण्यांचे टप्पे साधारण असे: पहिल्यात मोजक्या लोकांवर सुरक्षितता आणि मात्रा, दुसऱ्यात परिणामाचा अंदाज, तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन तुलना, आणि चौथ्यात विक्री सुरू झाल्यावरचे निरीक्षण. बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच असावा: प्रयोग कोणावर झाला आणि कोणत्या टप्प्यात आहे?

गैरसमज ४ : नामांकित नियतकालिकात छापून आले, म्हणजे शेवटचा शब्द.

वस्तुस्थिती : गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा 1998 चा निबंध ‘द लॅन्सेट’मध्येच आला होता. तो अवघ्या 12 मुलांवर आधारित होता आणि 2010 मध्ये मागे घेण्यात आला. कोविडवरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाबाबतचा मोठा निबंधही याच नियतकालिकाने जून 2020 मध्ये मागे घेतला, कारण मूळ आकडेवारी तपासायला मिळेना. तज्ज्ञांनी न तपासलेल्या, नुसत्या ऑनलाइन ठेवलेल्या मसुद्यांवर तर त्याहून कमी भरवसा ठेवावा. एकट्यादुकट्या निबंधापेक्षा सर्व चाचण्या एकत्र तोलून पाहणारे ‘कोक्रेन’सारखे आढावे अधिक विश्वासार्ह, त्यांचे सामान्यांसाठीचे सारांश मोफत वाचता येतात.

गैरसमज ५ : ‘धोका दुप्पट’ म्हटले, म्हणजे औषध ताबडतोब बंद करावे.

वस्तुस्थिती : दुप्पट, पण कशाच्या? 1995 मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात तो सुमारे सात हजार स्त्रियांत एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या वाढली. दुष्परिणामांच्या लांब यादीचेही तसेच. युरोपीय औषध-माहितीपत्रकांत ‘अतिसामान्य’ म्हणजे दहांत एकाहून अधिक जणांना आणि ‘दुर्मीळ’ म्हणजे हजारांत एकाहून कमी जणांना. यादीची लांबी पाहू नये, प्रमाण पाहावे.

गैरसमज ६ : बॅच निकृष्ट निघाली, म्हणजे त्या नावाची सगळी औषधे वाईट.

वस्तुस्थिती : केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दरमहा प्रमाणित दर्जाची नसलेल्या नमुन्यांची यादी देते. तीत औषधाबरोबर उत्पादक आणि बॅच क्रमांक असतो. आपल्या पाकिटावरचा क्रमांक त्याच्याशी जुळवून पाहावा. औषधाची अशी ओळख पटवता यावी म्हणून 1 ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक आहे.

गैरसमज ७ : चाचणीत जाणे म्हणजे प्रयोगाचा उंदीर होणे.

वस्तुस्थिती : ही भीती हवेतली नाही. 2009-10 मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातेत मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. प्रकल्प थांबवावा लागला. त्यानंतर नियम कडक होत गेले. 2019 च्या ‘नवी औषधे व चिकित्सालयीन चाचणी’ नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी, समजेल अशा भाषेतली संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई आवश्यक आहे. संमती दिली तरी केव्हाही बाहेर पडता येते. चाचणीतील औषधासाठी किंवा केवळ चाचणीसाठीच्या तपासण्यांसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथून निघावे.

औषध घेतल्यावर काही विपरीत जाणवले, तर ते समाजमाध्यमावर लिहून भागत नाही. डॉक्टरांना सांगा आणि भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कळवा. वाचलेले पान डॉक्टरांना जरूर दाखवा, प्रश्न विचारा. पण चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि पुढचा ‘रामबाण’ फॉरवर्ड आला की तो पुढे पाठवण्याआधी एवढे विचारा: याची नुसती नोंद झाली आहे, की मंजुरीही मिळाली आहे?