आठव्या घरात काय आहे?

शनिवारी सकाळी सातला, डेट्रॉईटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूच्या कडेला, एका बंद पडलेल्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये पंचवीसएक मस्टँग तिरप्या ओळीत उभ्या असतात. बॉनेटं उघडी, मालक घडीच्या खुर्च्यांवर, हातात कागदी कपातली कॉफी. लोक एकमेकांच्या गाड्या बघायला जमत असतील, अशी माझी समजूत होती. पण मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी उघड्या बॉनेटांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सात-आठ जण एका फोनवर वाकले होते. पडद्यावर एका गाडीचा मागचा कोपरा, तोही काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीत गुंडाळलेला. कुणीतरी रस्त्यात चालता चालता टिपलेला फोटो. ‘मोठा कर, अजून मोठा कर’ करता करता शेवटी चार-पाच राखाडी चौकोन उरले आणि त्या चौकोनांवर वीस मिनिटं वाद रंगला.

मी डेट्रॉईटच्या उत्तरेला, ट्रॉयमध्ये राहतो. इथली मराठी घरं मोजायला बसलात तर दर दोन-तीन घरांमागे एक जण मोटारीच्या धंद्यात निघेल. मला या पार्किंगमध्ये ओढून आणणारा मित्रही त्यातलाच. मूळचा चिंचवडचा, गाड्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. “ये एकदा. आमची चावडी बघून जा,” म्हणाला. चावडी हा शब्द त्यानं नेमका वापरला होता. इथे गाडी चालवायला कुणी येत नाही. पुढच्या गाडीत काय येणार आणि काय जाणार, याचा निवाडा करायला येतात.

जागाही साधी नाही. याच वुडवर्डचा एक मैल १९०९ मध्ये काँक्रीटचा झाला, अमेरिकेतला तसला पहिला. साठच्या दशकात कंपन्यांचे इंजिनिअर बाजारात न आलेली इंजिनं गाड्यांत घालून रात्री इथे शर्यती लावायचे. १९६४ साली पॉन्टिॲकनं मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं व्ही-८ इंजिन कोंबून जीटीओ काढली, तिथून ‘मसल कार’ हा प्रकार धरतात. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डनं मस्टँग दाखवली. किंमत २,३६८ डॉलर. वर्षभरात चार लाखांच्या वर खपली. कट्टर लोक मस्टँगला मसल कार न म्हणता ‘पोनी कार’ म्हणतात, आणि या विषयावर ते तुम्हाला कॉफी गार होईपर्यंत सोडत नाहीत.

तर तो फोटो. सगळे मागचा दिवा शोधत होते. मस्टँगचा मागचा दिवा म्हणजे तीन उभ्या पट्ट्या, हा इथला अलिखित कायदा. १९९४ च्या मॉडेलमध्ये फोर्डनं त्या पट्ट्या आडव्या केल्या. लोकांनी इतकी कुरकुर केली की १९९६ मध्ये त्या पुन्हा उभ्या झाल्या. तेव्हापासून नवी गाडी दिसली की पहिली नजर मागे जाते. मग चाकाच्या फटीतून ब्रेकचा आकार, नळकांड्यांची तोंडं किती आणि कुठे, गाडी रस्त्यापासून किती उंच, बॉनेटवर कापडाखाली फुगवटा आहे का. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या चाचणीपट्ट्यावरचा फोटो असेल तर काचेवर पिवळा गोल स्टिकर शोधतात, कारण तिथे बॅटरीवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीला तो लावावा लागतो. एवढासा पिवळा ठिपका, पण तो दिसला की चावडीवर सुतक.

चाकण-तळेगाव पट्ट्यात राहणाऱ्यांना ही नागमोडी नक्षी नवी नाही. पुणे-मुंबई रस्त्यावर अशा गुंडाळलेल्या गाड्या किती तरी वेळा शेजारून जातात. ती नक्षी गाडी लपवत नाही, डोळ्याला फसवते. कॅमेऱ्याला आणि नजरेला कड कुठे संपते ते कळू नये, वळण सपाट वाटावं, म्हणून रेषा मुद्दाम एकमेकींत घुसवलेल्या असतात. त्याखाली कधी फोमचे खोटे उंचवटे, कधी प्लॅस्टिकचे खोटे पत्रे. मित्र म्हणाला, “साडीच्या निऱ्यांसारखं आहे. काय झाकलंय त्यापेक्षा कुठे जास्त झाकलंय ते बघायचं.” खरंच, जाणते लोक गाडीकडे बघतच नाहीत. कापड कुठे दुहेरी आहे ते बघतात. जिथे झाकाझाक जास्त, तिथे बदल.

पण माझ्या मते या चावडीवरचं सगळ्यात बघण्यासारखं चित्र म्हणजे माझा मित्रच. डेट्रॉईटच्या उपनगरांत प्रत्येकाला गाडीचा एक तुकडा माहीत असतो. कुणी दिव्याची काच करतो, कुणी सीटचा फोम, कुणी वायरिंग. गुप्ततेच्या करारावर सगळ्यांच्या सह्या. त्यामुळे इथे सरळ प्रश्न कुणी विचारत नाही, तो असभ्यपणा ठरतो. त्याऐवजी कुणीतरी चहाटळासारखं एक धडधडीत चुकीचं विधान हवेत सोडतं आणि सगळे इंजिनिअर लोकांच्या तोंडाकडे बघतात. चूक ऐकली की इंजिनिअरला खाज सुटतेच. त्या सकाळी एकानं मित्राच्याच कामाशी लागून असलेली काहीतरी अचाट थाप मारली. मित्राचे ओठ उघडले, जीभ टाळ्याला टेकली, आणि त्यानं कॉफीचा एवढा मोठा घोट घेतला की डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या निवृत्त शिक्षकानं खिशातून वही काढली आणि काहीतरी टिपून ठेवलं.

ही वही म्हणजे चावडीचं दप्तर. शिक्षक सत्तरीच्या पुढचे, शाळेत गणित शिकवायचे, १९८९ ची पांढरी मस्टँग चालवतात. गुंडाळलेल्या गाड्यांच्या फोटोंवर त्यांचा विश्वास नाही, त्यांचा विश्वास कागदावर. अमेरिकेत १९८१ पासून प्रत्येक गाडीवर १७ अक्षरांचा क्रमांक असतो. त्यातल्या कुठल्या अक्षराचा अर्थ काय, हे कंपनीला गाडी विकायला काढण्याच्या किमान ६० दिवस आधी सरकारच्या वाहतूक-सुरक्षा खात्याला कळवावं लागतं, आणि तो कागद कुणालाही वाचता येतो. शिक्षक तो घरी छापून आणतात, मांडीवर पसरतात आणि बोटानं एकेक स्थान मोजत जातात. दहाव्या स्थानी वर्ष : ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. अकराव्या स्थानी कारखाना. आणि आठव्या स्थानी इंजिन.

मला हसू आलं. माझे आजोबा पत्रिका अशीच वाचायचे, बोटानं घरं मोजत. फक्त त्यांच्याकडे आठवं घर मृत्यूचं असायचं. शिक्षकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, “मग आमचंही तेच आहे.” आठव्या घरात ‘एफ’ असला तर पाच लिटरचं व्ही-८ जिवंत. ‘एच’ म्हणजे चार सिलिंडरचं टर्बो. नव्या यादीत आठव्या घरासमोर एखादं अनोळखी अक्षर आलं की वर्षभराची चर्चा झाली. आणि ज्या दिवशी त्या यादीतून ‘एफ’ गायब होईल, त्या दिवशी पुढचं काही वाचायची गरज उरणार नाही.

ज्यांना कागद वाचता येत नाहीत ते कानानं वाचतात. त्यांच्यात एक टायरवाला आहे, तो फोटोंकडे बघतच नाही. त्याला आवाज लागतो. त्यानं मला समजावलं ते असं : या व्ही-८ च्या आठही सिलिंडरांचे स्फोट ठरावीक अंतरानं होतात, पण इंजिनाच्या एका बाजूचे चार वेगळे ऐकलेत तर त्यांची लय मोडकी असते. मध्येच दोन ठोके जवळजवळ, मग खाडा. दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांतून तो मोडका ठेका बाहेर येतो, म्हणून गाडी उभी असतानाही गडगडते. मला त्यात गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोलपथक ऐकू आलं, सगळे ढोल एकदम न पडता थोडे मागे-पुढे पडले की छातीत बसतं तसं. चार सिलिंडरचा ठेका सरळ असतो, चुकत नाही. टायरवाला म्हणाला, “चुकत नाही हीच तर अडचण आहे.”

इतका वेळ मी एक गोष्ट न बोलता बघत होतो. हे सगळे भविष्याचे अंदाज म्हणायचे, पण नवं काय मिळेल यावर फार कुणी बोलतच नव्हतं. ताकद किती वाढेल, पडदा किती मोठा होईल, यावर दोन वाक्यं. बाकी सगळं : काय जाईल. हाताचा गिअर जाईल. व्ही-८ जाईल. दोन दारांची चार होतील. आमच्या घरी अशुभ बोलायची बंदी होती, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो म्हणून. इथे माणसं कॉफी पीत आळीपाळीनं अशुभच बोलत होती.

हे शिक्षकांना विचारलं, तेव्हा त्यांनी आपल्या पांढऱ्या गाडीच्या टपावर हात ठेवला. ही गाडी खरं तर असायलाच नको होती, म्हणाले. ऐंशीच्या दशकात फोर्डनं ठरवलं होतं की पुढची मस्टँग माझदाच्या सांगाड्यावर करायची. पुढच्या चाकांना ताकद, व्ही-८ नाही. १९८७ च्या एप्रिलमध्ये एका मोटार-साप्ताहिकानं ही बातमी मुखपृष्ठावर छापली आणि कंपनीकडे संतापलेल्या पत्रांचे गठ्ठे सुरू झाले. त्यातलं एक पत्र शिक्षकांचं. फोर्डनं जुनी मस्टँग चालू ठेवली आणि ती तयार होत आलेली गाडी ‘प्रोब’ नावानं विकली. प्रोब डेट्रॉईटच्या दक्षिणेला, फ्लॅट रॉकमध्ये माझदानं उभारलेल्या कारखान्यात बनायची. १९९७ मध्ये ती बंद झाली. २००४ पासून त्याच कारखान्यात मस्टँग बनते. बदली म्हणून आणलेलीच्या घरात आता थोरली नांदते आहे.

“बोललो म्हणून वाचली,” शिक्षक म्हणाले. त्यांच्या लेखी अफवा म्हणजे चहाडी नव्हे, हरकत नोंदवण्याची मुदत. कंपनीचा निर्णय पक्का होण्याआधी कुणीतरी वाईट शक्यता मोठ्यानं बोलून टाकायची.

पण वही उघडून दाखवली तेव्हा कळलं की हा उपाय नेहमी लागू पडत नाही. अंदाज पेन्सिलीनं लिहिलेले. गाडी बाजारात आली की त्यापुढे शाईनं बरोबर किंवा फुली. फुली, म्हणजे चुकलेला अंदाज, सगळ्यात आवडीची. २०१५ च्या गाडीआधी ‘व्ही-८ जाणार’ : फुली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात सातवी पिढी दाखवली त्याआधी पुन्हा ‘व्ही-८ जाणार’ : फुली, उलट ४८० अश्वशक्तीचं आलं. ‘हाताचा गिअर जाणार’ पुढे अर्धी फुली. व्ही-८ ला राहिला, चार सिलिंडरचा गेला. ‘गोल काट्यांची तबकडी जाणार’ : बरोबर. तिथे पडदा आला, आणि त्या पडद्यावर हवं तर ऐंशीच्या दशकातल्या तबकड्यांचं चित्र लावता येतं. ‘हँडब्रेक जाणार’ यापुढे खूप खाडाखोड. दांडा आहे, पण तो इलेक्ट्रॉनिक आहे. गणिताच्या मास्तरांनी अखेर अर्धा गुण दिला होता.

वहीत या अंदाजांच्या आधीच्या काळाचंही एक पान होतं, तेही अंदाजासारखंच पेन्सिलीनं. १९७४ : इंधनाची टंचाई, मस्टँग लहान झाली, अमेरिकेत व्ही-८ मिळेना. १९७५ : परत. समोर त्यांनी लिहिलं होतं, ‘एक वर्ष’. एवढंच.

आता मात्र चावडीचा सूर उतरला आहे. वाद घालायला समोरचा पक्ष उरलेला नाही. शेवटची कॅमारो १४ डिसेंबर २०२३ ला लान्सिंगच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि त्याच महिन्यात कॅनडात ब्रॅम्प्टनला चॅलेंजर थांबली. डॉजनं नवी चार्जर विजेवर आणली आणि तिला नळकांड्याचा खोटा आवाज बसवला. टायरवाला त्याबद्दल बोलायलाच तयार नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत मस्टँग सुमारे ४४ हजार खपल्या, आणि तेच नाव लावून आलेली विजेची चार दारांची मॅक-ई सुमारे ५२ हजार. पत्रं लिहून वाचवता येतं, पण गाडी विकत घ्यावीही लागते. तिथे जमलेल्यांपैकी नवी मस्टँग घेतलेले मी मोजले : तीन.

दहा वाजत आले तसं ऊन चढलं, खुर्च्या मिटू लागल्या. तेवढ्यात टायरवाल्यानं मान वर केली. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग रस्त्यावरून उत्तरेकडे जाणारी ती दिसली : नागमोडी कापड, कंपनीच्या ताब्यातल्या गाड्यांना असते तसली नंबर प्लेट, आत दोघं, सरळ समोर बघणारे. सिग्नल हिरवा होता. जेमतेम सहा-सात सेकंद. फोन निघाले, पण उशीर झाला. एकाला चार दारं दिसली, दुसऱ्याला दोनच. ती मस्टँग होती की नाही यावरही एकमत नाही.

सगळे टायरवाल्याकडे वळले. त्यानं डोळे मिटले होते. “ट्रक मध्ये आला,” म्हणाला.

मग सगळे, आपोआप, माझ्या मित्राकडे वळले. त्यानं खुर्चीची घडी घालायला घेतली. ती आधीच घातलेली होती.

शिक्षकांनी वही उघडली, तारीख आणि वेळ लिहिली आणि पेन्सिल ओठाला लावून थोडा वेळ विचार केला. मी डोकावून पाहिलं. ‘व्ही-८ जाणार’, त्यांनी लिहिलं. मग दुसऱ्या खिशातलं शाईचं पेन जागेवर आहे ना, हे त्यांनी चाचपून बघितलं.