शिरोलीच्या उजळ आकाशात तेजोमेघाचे छायाचित्र

शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी चालू असताना आकाश काळे नसते. फौंड्र्यांच्या शेडवरचे दिवे, महामार्गाचे दिवे आणि हवेतील धूळ मिळून त्याला राखाडी छटा आणतात. अशा ठिकाणी साधा कॅमेरा व तिपाई घेऊन मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेता येईल का? येईल, मात्र शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे आधी गणिताने ठरवले पाहिजे.

हेन्री ड्रेपर याने ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या वेधशाळेतून याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. एक्स्पोजर होते ५१ मिनिटांचे! पण त्याची ११ इंची दुर्बीण घड्याळयंत्राच्या साहाय्याने ताऱ्यांबरोबर फिरत होती. आपली तिपाई जागची हलत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे या भागातील तारे दर सेकंदाला १५ विकला सरकतात. ५० मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगामागे ही सरक ०.००३६ मि.मी. भरते. डिजिटल कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी ठिपका साधारण ०.००४ मि.मी.चा, म्हणजे तारा सेकंदाला जवळजवळ एक ठिपका ओलांडतो. फिल्मच्या काळात १० सेकंद चालून जात. आता ४-५ सेकंदांतच थांबावे. २०० मि.मी.चे भिंग लावले, तर ही मुदत एका सेकंदावर येते. म्हणून सुरुवातीलाच मोठी दुर्बीण विकत घेण्याची घाई नको. एफ/१.८ चे ५० मि.मी. भिंग पुष्कळ झाले.

मग ५१ मिनिटांची भरपाई कशी करायची? पुष्कळ छायाचित्रे घेऊन ती संगणकावर, तारे जुळवून, एकावर एक बसवायची. पाच सेकंदांची २०० छायाचित्रे म्हणजे सुमारे १७ मिनिटे. तेजोमेघाचा प्रकाश २०० पट साठतो. आकाशाचा उजेडही तितकाच साठतो, पण तो सरासरीने वजा करता येतो. उरतात ते त्यातील अनियमित चढउतार, आणि ते २०० च्या वर्गमुळाइतके, सुमारे १४ पटच वाढतात.

गंमत अशी, की उजळ आकाशात लांब एक्स्पोजरचा फारसा लाभही नसतो. प्रत्येक छायाचित्रात कॅमेऱ्याचा स्वतःचा थोडा विद्युत-गोंगाट मिसळतो. आकाशाच्या उजेडातील चढउतारांनी त्याला झाकून टाकले, की पुरे. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम नावाचा आलेख दिसतो. त्यातील उंचवटा डाव्या कडेपासून सुटा झाला, की ती पातळी आली असे समजा.

घड्याळयंत्राची बैठक घेतलीत, तर तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. कोल्हापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर, आणि शिरोलीत तोही बहुधा एखाद्या शेडमागे! तेजोमेघ मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास ६८ अंशांवर असतो. तेथे धूळ व दिव्यांचा उजेड कमी आडवा येतो.

देवयानी दीर्घिकेची गोष्ट निराळी. तिच्या कडा फार मंद आहेत. आकाश १६ पट उजळ असेल, तर काळोखात एका तासात जे साधते त्याला १६ तास लागतात. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश गाळणीने बराचसा अडवता येई. पांढऱ्या एलईडी दिव्यांनी ती सोय घालवली. तेव्हा राधानगरीची एस.टी. पकडणेच स्वस्त. नोव्हेंबरातील अमावास्येच्या आसपास जा. रात्री साडेनऊच्या सुमारास ही दीर्घिका उत्तरेकडे ६५ अंशांवर असते.