फुकटच्या मांजराची किंमत

आमच्या लहानपणी मांजर कोणी विकत आणीत नसे. ते आपले आपण येई आणि राही. पिल्ले फार झाली की त्यांना पोत्यात घालून मंडईपाशी सोडून यावयाचे, ही रीतच होती. आमच्या घरी ते काम माझ्याकडे असे. मारावयाचे नाही, एवढाच आमच्या भूतदयेचा अर्थ होता. सोडलेल्या पिल्लांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

हे आठवण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी मुलीच्या हट्टापायी मी एका प्राणिकल्याण संस्थेकडे मांजर आणावयास गेलो. जे फुकट मिळावयाचे त्यासाठी फारसा खटाटोप नसावा, अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात समोर दोन पानी अर्ज आला. घर स्वतःचे की भाड्याचे? घरमालकाची संमती आहे काय? खिडक्यांना जाळी आहे काय? सुटीत गावी गेल्यावर मांजराकडे कोण पाहील? घरी शाकाहार असल्यास त्याला काय घालणार? इतकी वर्षे विद्यार्थ्यांना प्रश्न विचारणाऱ्याला हे अपमानास्पद वाटले. खुर्ची विकणारा दुकानदार असे काही विचारीत नाही, असे मी घुश्श्यातच म्हणालो. तेथील बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, खुर्ची टाकून दिली तर तिला भूक लागत नाही."

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या उत्तराचा विचार करावयास हवा होता. बाजारात गिऱ्हाइकाची पारख किंमत करते. पदरचे पैसे मोजणारा निदान क्षणभर तरी विचार करतो. किंमत शून्य झाली की मागणी वाढते. पण त्या मागणीत निश्चय किती आणि हौस किती, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. 'फुकट ते पौष्टिक' असे मानणाऱ्या समाजात संस्थेने किमतीचे काम प्रश्नांवर सोपविले, तर त्यात चूक ती कोणती?

शिवाय, खरा खर्च पुढेच असतो. घरात सांभाळलेले मांजर पंधरा वर्षेही जगते. दूधभातावर ते पोसते ही समजूत चुकीची आहे. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि टॉरिन नावाचे आवश्यक द्रव्य त्यांना मांसमासळीतूनच मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी व हृदय बिघडते. लस आणि वैद्य यांचा खर्च वेगळाच. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असून एका वेतात चारपाच पिल्ले सहज होतात. म्हणून निर्बीजीकरणाची अट. ती पाळली असती, तर आमच्या घरी पोत्याची गरजच पडली नसती.

कायदा या कामी फारसा उपयोगी पडत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ठरला तो ५० रुपये! त्या वेळच्या कारकुनाला ही रक्कम जाणवली असती. आज ती कोणाला जाणवणार?

मुंबईत प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था १८७४ साली निघाली, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय ही तिच्या कार्याची मोठी खूण आहे. धनिकांच्या देणग्यांतून रुग्णालये उभी राहतात. परंतु बऱ्या झालेल्या प्राण्याला हवे असते घर, आणि ते तुमच्याआमच्यासारख्यांनीच द्यावयाचे असते.

शेवटी आम्ही एक काळी, एका डोळ्याने अधू मांजरी आणली. गोजिरवाणी पिल्ले लोक लगेच नेत. हिला मात्र कोणी विचारीत नव्हते. आमच्या शाकाहारी घरात आता गॅलरीत तिची वेगळी ताटली असते, आणि दर रविवारी पिशवी घेऊन मासळी बाजारात मीच जातो. पत्नीने ताटलीला हात लावावयाचे नाकारले आहे. पण ती रिकामी आहे की नाही, यावर लक्ष तिचेच असते.

त्या अर्जातील अखेरचा प्रश्न असा होता: सांभाळणे अशक्य झाल्यास मांजर कोठेही न सोडता संस्थेकडे परत आणून द्याल काय? मी 'होय' असे लिहून सही केली. हा प्रश्न लहानपणी कोणी मला विचारावयास हवा होता.